स्टॅम्पिंग काढताना आणि भरताना: रिवाइंडनंतर ट्रान्सफॉर्मरचा कोअर तापू नये म्हणून

रिवाइंड करून आणलेला ट्रान्सफॉर्मर नुसता लाइनला लावून ठेवला, पुढे काहीही जोडलं नाही, तरी अर्ध्या तासात त्यावर हात ठेववत नाही. मग तार हलकी निघाली का, टर्न (तारेचे वेढे) कमी पडले का, वार्निश कच्चं राहिलं का, असा शोध सुरू होतो. यातलं काहीही असू शकतं. पण वाइंडिंग मोजूनमापून केलेलं असतानाही कोअर (आतला लोखंडी गाभा) तापत असेल, तर दोष बहुतेक वेळा त्याच्या पट्ट्यांमध्येच, म्हणजे स्टॅम्पिंगमध्येच असतो, आणि तो कोअर उघडताना, घासताना किंवा परत भरताना तयार झालेला असतो. पत्र्याचा दर्जा आणि जाडी बाजारातून येते. पट्ट्यांमधलं इन्सुलेशन टिकवणं मात्र आपल्या हातात असतं, आणि तिथेच जास्त चुका होतात.

खालची सगळी मापं एकाच नमुन्याची आहेत: सिंगल फेज, प्रायमरी (लाइनला जोडायचं वाइंडिंग) २३० व्होल्ट, ३०० व्हीए, ईआय स्टॅम्पिंग (इंग्रजी E आणि I आकाराच्या पट्ट्या), मधली टंग (‘ई’चा मधला दांडा) ३८ मिमी, थराची उंची ५० मिमी, ०.५ मिमी जाडीचा साधा सिलिकॉन स्टीलचा पत्रा. बॅटरी चार्जरमध्ये या मापाचा ट्रान्सफॉर्मर नेहमी दिसतो. तुमचं माप वेगळं असेल तर आकडे बदलतील, कामाचा क्रम बदलणार नाही.

## हात लावण्याआधी: लॉस होतो कुठे

कोअरमधून बदलता फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) गेला की लोखंडाच्या आतच, त्या फ्लक्सला वेढा घालून, करंट फिरायला लागतो. तो एडी करंट. आपल्या नमुन्यात दर व्होल्टला साधारण २.१५ टर्न पडतात, म्हणजे दर टर्नला ०.४७ व्होल्ट. कोअर एकसंध लोखंडाचा ठोकळा असता तर त्याच्या कडेकडेने हे ०.४७ व्होल्ट जाडजूड शॉर्ट टर्नसारखा करंट फिरवत राहिले असते. त्याच ठोकळ्याच्या ९२ पट्ट्या केल्या की एका पट्टीच्या वाट्याला जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात. एवढ्याशा व्होल्टेजला अडवायला काही मायक्रॉनचा लेप पुरतो. तो लेप इतका पातळ का असतो आणि इतक्या सहज का जातो, हे या एका आकड्यावरून कळतं.

हा लॉस पत्र्याच्या जाडीच्या वर्गाने वाढतो. तीन टक्के सिलिकॉनचा पत्रा, १.२ टेस्ला (फ्लक्सची दाटी) आणि ५० हर्ट्झ धरले तर ०.५ मिमीला किलोमागे सुमारे ०.४ वॉट आणि ०.३५ मिमीला सुमारे ०.२ वॉट एवढा निव्वळ एडी लॉस हिशोबाने येतो. ०.५ मिमीच्या दोन पट्ट्या दोन्ही कडांनी एकमेकींना चिकटल्या की त्यांची १ मिमीची एक पट्टी झाली आणि तेवढ्या भागातला लॉस चौपट झाला.

‘दोन्ही कडांनी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकाच कडेला चिकटल्या तर करंटला फिरून यायला वाट मिळत नाही. म्हणूनच लेपावरचा एखादा ओरखडा फारसं बिघडवत नाही, पण लिंबच्या (पट्टीच्या उभ्या दांड्याच्या) दोन्ही बाजू कानशीने घासल्या की कोअर तापतो.

## १. उघडण्याआधीची नोंद

ही पायरी सर्रास गाळली जाते आणि शेवटी पाच-सहा पट्ट्या उरतात. बोल्ट सैल करण्याआधी कागदावर एवढं उतरवून ठेवा:

- थराची उंची, बोल्ट आवळलेले असताना. कॅलिपरने दोन ठिकाणी मोजा.
- भरण्याची पद्धत: एक-एक आड, दोन-दोन आड, की सगळ्या ई एका बाजूला. सगळ्या ई एका बाजूला आणि मधे कागद असेल तर तो चोक आहे किंवा मुद्दाम गॅप ठेवलेला ट्रान्सफॉर्मर आहे. तो तसाच परत भरायचा असतो.
- कोणत्या बोल्टवर स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) आहे आणि फायबर वॉशर कुठे कुठे आहेत.
- प्रायमरी शाबूत असेल तर नो-लोडचा (पुढे काहीही न जोडता) करंट आणि वॉट. जुनं रीडिंग हाताशी असेल तर पुढची निम्मी शंका मिटते.

आता एरियाचा हिशोब. ३.८ गुणिले ५ म्हणजे १९ चौरस सेंटिमीटर, पण ते सगळं लोखंड नव्हे. लेप आणि फटी वजा जाता हाताने भरलेल्या कोअरला ०.९२ हा स्टॅकिंग फॅक्टर धरावा. निव्वळ लोखंड १७.५ चौरस सेंटिमीटर उरतं. १.२ टेस्लाला दर व्होल्टमागे २.१५ टर्न, म्हणजे २३० व्होल्टला ४९४ टर्न. पट्ट्या किती? ५० मिमीच्या ०.९२ पट म्हणजे ४६ मिमी, भागिले ०.५, म्हणजे ९२.

काहीजण तार वाचवायला १.४ टेस्ला धरून टर्न कमी करतात. तसं करू नका. गावाकडे रात्री लोड उतरला की लाइन २६० व्होल्टपर्यंत चढलेली दिसते. १.२ टेस्लाचा कोअर तेव्हा १.३६ ला जातो आणि निभावतो. १.४ चा जातो १.५८ ला, आणि साध्या पत्र्याचं तिथे सॅच्युरेशन (आणखी फ्लक्स न पेलणं) सुरू झालेलं असतं.

तपासणी: मायक्रोमीटरने पट्टीची जाडी मधल्या भागात मोजा, कडेला नको. कडेची धार धरली गेली की ०.५ ची पट्टी ०.५५ दाखवते.

## २. कोअर उघडणं

वार्निशने सगळ्या पट्ट्या एकजीव झालेल्या असतात. सुटा करायचा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे आग: भट्टीत टाकायचं, नाहीतर ब्लो-लॅम्प धरायचा. वार्निश जळतं आणि त्याबरोबर पट्टीवरचा लेपही जळतो. शिवाय एकीकडे लालबुंद, एकीकडे थंड अशी पट्टी वाकडी होते, आणि परत भरताना सरळ बसत नाही.

त्याऐवजी बोल्ट आणि फ्रेम काढून कोअर ओव्हनमध्ये १२० ते १३० अंशांवर दोन तास ठेवा. पक्कं झालेलं वार्निश वितळत नाही, पण नरम पडतं. गरम असतानाच काम सुरू करा.

१. आधी बाहेरच्या ‘आय’ सोडवा. पातळ सुरी पट्ट्यांच्या मधून फिरवा, कडेने उचकटू नका.
२. पहिली ई सगळ्यात त्रास देते, कारण कारखान्यात शेवटी भरताना ती ठोकून बसवलेली असते. टंगपेक्षा किंचित अरुंद अशी पट्टी एखाद्या भंगार स्टॅम्पिंगमधून कापून घ्या, ती टंगच्या टोकावर टेकवा आणि हलक्या हाताने ठोका. ई मागच्या बाजूने बाहेर यायला लागते.
३. ती पुढे आली की पकडीने सरळ ओढा. वर-खाली हलवू नका. लिंब वाकलं की ती पट्टी गेली.
४. तीन-चार निघाल्या की बाकीच्या हाताने सुटतात.

पहिल्या दोन-तीन ई वाकणारच, असं धरून चाला आणि तेवढ्या बदली पट्ट्या आधीच आणून ठेवा. वाकलेली पट्टी हातोड्याने सपाट करता येते, पण ठोकलेल्या स्टीलमध्ये ताण राहतो आणि तेवढ्या भागाचा हिस्टेरिसिस लॉस (लोखंडाचं चुंबकत्व उलटसुलट होण्यात जाणारी ऊर्जा) वाढतो. हा ताण काढायला नायट्रोजनच्या वातावरणात ८०० अंशांच्या आसपास ॲनीलिंग (तापवून सावकाश थंड करणं) करावं लागतं. ते कारखान्याचं काम आहे, गॅसच्या शेगडीचं नाही.

सावधान: वार्निश सोडवायला थिनर वापरलात तर तो कोअर ओव्हनमध्ये घालू नका. थिनरचं आणि ओव्हनचं काम एका दिवशी नको.

## ३. पट्ट्यांची निवड आणि सफाई

पट्ट्यांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग: सपाट, लेप शाबूत, फक्त वार्निशचे थर चिकटलेले. थिनरमध्ये भिजवा आणि कापडाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने पुसून घ्या. पॉलिश कागद, तारेचा ब्रश, ग्राइंडरचं फ्लॅप व्हील यांपैकी काहीही नको. पट्टी चकाचक दिसायला लागली की लेप निघाला असं समजा. चांगली पट्टी मळकट राखाडी दिसते, आणि ती तशीच हवी.

दुसरा ढीग: हलका गंज असलेल्या. गंजाचा पातळ थर स्वतः करंट फारसा वाहू देत नाही, त्यामुळे एवढ्यावरून पट्टी फेकायची गरज नसते. पापुद्रे धरलेली, बोटाला खरखरीत लागणारी पट्टी मात्र फेका. ती जागा खाते आणि थर भरत नाही.

तिसरा ढीग: वाकलेल्या, वितळल्याचा डाग असलेल्या, कडेला धार आलेल्या. पट्टी डायमधून कापली जाते तेव्हा कडेला एका बाजूने बारीक धार उभी राहते, तिला ‘बर’ म्हणतात. ही धार शेजारच्या पट्टीचा लेप फोडून आत रुतते, आणि ती पट्टीच्या दोन्ही कडांना असते. वर सांगितलेली ‘दोन्ही कडांनी’ची अट ती एकटीच पुरी करते. नख कडेवरून बाहेरच्या दिशेने ओढा, एकदा वरून आणि एकदा खालून. ज्या बाजूला नख अडकतं ती बरची बाजू. नुसतं जाणवतं इतपत चालेल. नख अडकून थांबत असेल, म्हणजे अंदाजे ०.०५ मिमीच्या वर असेल, तर ऑइलस्टोनवर पट्टी आडवी ठेवून एक-दोन हात मारा.

ई आणि आय यांची बर वेगवेगळी तपासा. स्क्रॅपलेस पद्धतीत ‘आय’ ही ‘ई’च्या खिडकीतूनच पडते, त्यामुळे दोघींची बर एकाच बाजूला असेल असं धरता येत नाही.

बदली पट्ट्या घेताना दुकानात फक्त स्टॅम्पिंग नंबर सांगून थांबू नका. जाडी आणि ग्रेडही विचारा. ग्रेडच्या नावात ५० आणि ४७० असे आकडे असतील तर पत्रा ०.५० मिमीचा आहे आणि १.५ टेस्ला, ५० हर्ट्झला त्याचा लॉस किलोमागे जास्तीत जास्त ४.७ वॉट आहे. भंगारातून वजनावर घेतलेल्या मालात चार ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या मिसळलेल्या असतात. एका थरात ०.५ आणि ०.३५ मिसळल्याने आग लागत नाही, पण मग हिशोब कशाचा केला याला अर्थ उरत नाही.

सीआरजीओ (कोल्ड रोल्ड ग्रेन ओरिएंटेड, म्हणजे कण एकाच दिशेला वळवलेला पत्रा) याबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकावा. या पत्र्याचा कमी लॉस रोलिंगच्या दिशेने मिळतो. ईआयमध्ये टंग, बाजूचे लिंब आणि आय त्या दिशेने कापलेले असतात, पण ‘ई’ची पाठ आडवी जाते आणि तिथे फ्लक्स कणांच्या दिशेला काटकोनात वाहतो. म्हणून ईआय स्टॅम्पिंगवर सीआरजीओ लिहिलंय एवढ्यावरून फ्लक्स १.६-१.७ टेस्लाला नेऊ नका. शिवाय हा पत्रा वाकण्या-ठोकण्याला साध्या पत्र्यापेक्षा जास्त नाजूक असतो.

## ४. लेप परत द्यायचा का?

बहुतेक वेळा नाही. लेप शाबूत असेल तर त्यावर अजून एक थर देऊन जागा वाया जाते. दोन्ही बाजूंनी १० मायक्रॉनचा थर दिला तर ०.५ ची पट्टी ०.५२ होते, म्हणजे त्याच उंचीत चार टक्के लोखंड कमी बसतं. ०.३५ च्या पत्र्याला हेच नुकसान साडेपाच टक्क्यांवर जातं.

लेप खरोखर गेला असेल, पट्टी जळालेली किंवा घासलेली असेल, तर हवेत वाळणारं कोअर वार्निश पातळ करून एकाच बाजूने फवारा आणि उभं टांगून वाळवा. दोन पट्ट्यांच्या मधे एक थर असला की काम झालं. ऑइल पेंट वापरू नका. तो जाड बसतो, कोअर गरम झाल्यावर मऊ पडतो, बोल्ट सैल होतात आणि कोअर घूं-घूं करायला लागतो.

सावधान: दोन पट्ट्यांमध्ये ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून लेप तपासू नका. ५ मिलिव्होल्ट अडवण्यासाठी दिलेला लेप ५०० व्होल्टला फुटणारच, आणि चांगला कोअर खराब ठरेल. मेगर वाइंडिंग आणि कोअर यांच्यामध्ये लावायचा असतो.

## ५. बॉबीन दबू देऊ नका

वाइंडिंग करताना बॉबीनच्या (तार गुंडाळायच्या पोकळ चौकटीच्या) पोकळीत घट्ट बसणारा लाकडी ठोकळा नसेल तर तारेच्या ताणाने बॉबीनच्या भिंती आत दबतात. मग ५० मिमीची जागा ४८ राहते आणि शेवटच्या चार पट्ट्या बसत नाहीत. त्या ठोकून घालायला गेलं की पट्टी बॉबीन फाडून तारेत शिरते. ठोकळा ३८ गुणिले ५० मिमीचा, चारही कडा किंचित गोल केलेला घ्या.

भरायला घेण्याआधी एक कोरी ई चारही भिंतींना घासून आत-बाहेर सरकवून बघा. कुठे अडली तर आत्ताच दुरुस्त करा.

## ६. भरण्याचा क्रम

१. बॉबीन आडवी ठेवा. पोकळीच्या तळाशी आणि वरच्या भिंतीला मिलिनेक्स किंवा लेदरॉइड पेपरची एकेक पट्टी घाला. शेवटची ई तिच्यावरून सरकेल, बॉबीन खरवडणार नाही.

२. पहिली ई डावीकडून, दुसरी उजवीकडून, तिसरी डावीकडून, अशा सगळ्या ई आधी एक-एक आड भरा. पाळीपाळीने दोन-दोन घातल्या तर काम लवकर होतं, पण सांधे एकावर एक येतात आणि मॅग्नेटायझिंग करंट (फ्लक्स उभा करायला लागणारा) वाढतो. या आकारात एक-एकच भरा.

३. बर सगळ्या थरात एकाच बाजूला राहिली पाहिजे. इथे जवळजवळ सगळ्यांचा हात चुकतो. उजवीकडून घालायची ई उलटी करताना ती पानासारखी पालटली जाते. पालटली की तिची बर खाली येते आणि आधीच्या पट्टीच्या बरवर बर बसते. फटही दुप्पट आणि शॉर्टची शक्यताही. ई टेबलावर ठेवून घड्याळाच्या काट्यासारखी अर्धा फेरा फिरवा. तोंड उलट्या दिशेला होतं, बरची बाजू वरची वरच राहते. त्याहून सोपं म्हणजे भरायला बसण्याआधीच सगळ्या ई बरची बाजू वर ठेवून रचायच्या आणि बाजूला मार्करची एक तिरकी रेघ ओढायची. रचलेल्या ढिगातून घेताना कोणती पट्टी पालटली ते लगेच दिसतं.

४. सगळ्या ई बसल्यावर मोकळ्या फटींत ‘आय’ सारा, त्याच बर-बाजूने. एका फटीत एकच आय.

५. शेवटच्या दोन-तीन ई घट्ट जातील. लाकडी किंवा नायलॉनच्या हातोडीने ‘ई’च्या पाठीवर ठोका, पण टंग अर्धी आत गेल्याशिवाय नाही. लोखंडी हातोडा कडा चेपतो आणि चेपलेली कड म्हणजे नवी बरच.

६. कोअर सपाट लोखंडी प्लेटवर ठेवा आणि चारही बाजूंनी नायलॉनच्या हातोडीने हलके ठोके मारून ई आणि आय यांचे सांधे मिटवा. उजेडासमोर धरून बघा, सांध्यातून उजेडाची रेघ दिसता कामा नये.

तपासणी: भरलेल्या ई मोजा. ९२ पाहिजेत. पाच कमी असतील तर फ्लक्स १.२ वरून १.२७ ला गेला, कोअर लॉस किलोमागे दहा टक्क्यांहून जास्त वाढला. ‘तीन-चार उरल्या तरी चालतं’ असं म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा.

सावधान: भरून झाल्यावर कडा एका रेषेत दिसाव्यात म्हणून कोअर कानशीने किंवा ग्राइंडरने घासू नका. घासलेलं लोखंड कडेवर पसरतं आणि डझनभर पट्ट्या एकमेकींना जोडते. दिसायला कोअर आरशासारखा होतो, आतून त्याचा ठोकळा झालेला असतो. रचलेल्या कोअरमध्ये ड्रिलने नवीन भोक पाडण्याचंही हेच.

## ७. बोल्ट, फ्रेम, वेल्डिंग

बोल्ट उघड्या धातूचा असेल तर तो प्रत्येक पट्टीच्या भोकाच्या कडेला टेकतो आणि दोन्ही फ्रेमना जोडतो. दोन बोल्ट आणि दोन फ्रेम मिळून एक बंद कडी होते. तिच्यातून जेवढा फ्लक्स जाईल तेवढ्याचा करंट तिच्यात फिरतो. बोल्टवर स्लीव्ह आणि निदान एका टोकाला फायबर वॉशर असला की कडी तुटते. काढताना चार वॉशर होते आणि बसवताना तीनच सापडले, तर चौथा कापून बनवा. फायबर वॉशरच्या वर लोखंडी वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट.

नट तिरपे समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. कोअर गुणगुणत असेल तर अजून थोडं आवळायला हरकत नाही, पण पाना पाइप घालून लांब करू नका. जास्त दाबाने बर लेपात रुतते.

मधल्या टंगभोवती बंद धातूची कडी कधीच नको. तो सरळ शॉर्ट टर्न. संपूर्ण ट्रान्सफॉर्मरला बाहेरून, कोअरसकट, वेढणारा तांब्याचा पट्टा दिसला तर मात्र तो काढून फेकू नका. त्याच्या आतून टंगमधला फ्लक्स वर जातो आणि बाजूच्या लिंबमधून तेवढाच खाली येतो, त्यामुळे मुख्य फ्लक्सने त्यात करंट येत नाही. बाहेर गळणारा फ्लक्स आवरायला तो लावलेला असतो.

वेल्डिंगने जोडलेला कोअर उघडावा लागला तर परत वेल्ड करू नका. क्लँप फ्रेम घाला. एका लिंबच्या दोन्ही बाजूंना वेल्डची रेघ म्हणजे तेवढ्या पट्ट्यांचा ठोकळा.

## ८. वार्निशआधीची टेस्ट

वार्निश आधी आणि टेस्ट नंतर, हा उलटा क्रम सगळ्यात महागात पडतो. दोष निघाला की परत ओव्हन, परत सुरी, परत वाकलेल्या ई.

सेकंडरीची (आउटपुटच्या वाइंडिंगची) टोकं वेगवेगळी टेपने झाका. चालू असताना कोअरला हात लावायचा नाही. हाताने गरमपणा बघायचा तो प्लग काढून.

सिरीजमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून प्रायमरीला लाइन द्या. सुरुवातीला बल्ब क्षणभर चमकेल, ते ठीक. नंतर तो जवळपास विझलेला दिसला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर पुढे जाऊ नका.

मग बल्ब काढून डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या साधनावर) ५० व्होल्टपासून चढा आणि ११५, २००, २३०, २५० ला करंट आणि वॉट लिहा. क्लँप मीटर १०० मिलिअँपिअर नीट दाखवत नाही. तार जबड्यातून दहा वेळा फिरवा आणि रीडिंगला दहाने भागा. नो-लोडचा करंट साइन वेव्ह नसतो, म्हणून ट्रू आरएमएस मीटर असेल तर उत्तम.

आपल्या नमुन्यात पत्र्याचं वजन ३ किलो भरतं. ४७० ग्रेडला १.२ टेस्लाला किलोमागे सुमारे ३ वॉट धरले तर २३० व्होल्टला ९ ते १२ वॉट आणि ८० ते १५० मिलिअँपिअर येणं रास्त.

नुसता करंट बघून एडी लॉस कळत नाही. शंभर मिलिअँपिअर म्हणजे २३ व्हीए, पण त्यातले वॉट दहाच. बाकीचा करंट फ्लक्स उभा करण्यासाठी लागतो. प्लगमध्ये बसणारा स्वस्त वॉटमीटरही इथे क्लँप मीटरपेक्षा जास्त सांगतो.

रीडिंग चुकलं तर असं वाचा:

- वॉट ठीक, करंट जास्त: सांधे उघडे आहेत किंवा पट्ट्या दोन-दोन आड भरल्यात. सैल करा, ठोका, परत आवळा.
- २०० पर्यंत सगळं ठीक आणि २३० ते २५० मध्ये करंट एकदम उडी मारतो: सॅच्युरेशन. टर्न कमी किंवा पट्ट्या कमी.
- करंटची चढण ठीक, पण वॉट १० ऐवजी १५-१८: पट्ट्या शॉर्ट आहेत किंवा बोल्टची कडी झाली आहे. प्लग काढून एकेक बोल्ट बाहेर घ्या आणि परत मोजा. एखादा बोल्ट काढल्यावर वॉट उतरले तर त्याची स्लीव्ह बदला. कोणत्याच बोल्टने फरक पडला नाही तर दोष कडांचा.
- वॉट थेट ३५-४०: शॉर्ट टर्न. ०.८ मिमी तारेचा एकच टर्न शॉर्ट झाला तरी ०.४७ व्होल्टवर त्यात साठेक अँपिअर फिरतात आणि २५-३० वॉट एकाच जागी जळतात. कोअर थंड आणि वाइंडिंग गरम असेल तर शंका उरत नाही.

फ्रिक्वेन्सी बदलता येणारा सप्लाय असेल, पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये तो सहसा असतो, तर लॉस वेगळा करता येतो. ५० हर्ट्झला २३० व्होल्ट द्या आणि ४० हर्ट्झला १८४, म्हणजे फ्लक्स तोच राहतो. समजा ५० ला १० वॉट आले आणि ४० ला ७.४. प्रत्येकाला त्याच्या फ्रिक्वेन्सीने भागा: ०.२०० आणि ०.१८५. फरक ०.०१५, दहा हर्ट्झमागे, म्हणजे हर्ट्झमागे ०.००१५. त्याला ५० च्या वर्गाने, २५०० ने, गुणा: ३.७५ वॉट एडीचे, उरलेले ६.२५ हिस्टेरिसिसचे. व्होल्टेज न बदलता नुसती फ्रिक्वेन्सी उतरवली तर फ्लक्स वाढतो आणि हा सगळा हिशोब फुकट जातो.

## ९. वार्निश

रीडिंग बरोबर आलं की कोअर १०० ते ११० अंशांवर दोन तास तापवून ओल घालवा. कोमट झाल्यावर वार्निशमध्ये बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत आत राहू द्या. निथळू द्या, मग डब्यावर लिहिलेल्या तापमानाला आणि वेळेला बेक करा, घाईने वाढवलेल्या तापमानाला नाही. बाहेरून जास्त तापवलं की वरची साय धरते आणि आतलं ओलंच राहतं.

थंड झाल्यावर वाइंडिंग ते कोअर ५०० व्होल्टच्या मेगरने १०० मेगओहमच्या वर पाहिजे. नट पुन्हा एकदा पाहा, कारण बेकिंगमध्ये थर थोडा बसतो आणि नट सैल पडतात. मग २३० व्होल्टला वॉट परत मोजा. ते वार्निशआधीच्या रीडिंगपेक्षा दोन-तीन वॉटने वर गेले असतील तर शेवटच्या आवळणीत कोणतातरी फायबर वॉशर चिरलेला आहे. तो शोधा, आणि फ्रेमच्या पायांची भोकं जुळत नाहीत म्हणून कोणी कोअरच्या कडेवर कानस फिरवली नाही ना, तेही बघा.